शेवटी ३ आहे, तरी संख्या सम कशी?



चौथी-पाचवीच्या कुठल्याही वर्गात जा आणि विचारा, "सम संख्या म्हणजे काय?" पाठ केलेलं उत्तर लगेच येतं : "ज्या संख्येच्या एककस्थानी ०, २, ४, ६ किंवा ८ असतो ती सम संख्या." आपण शाब्बास म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

माझं म्हणणं असं आहे की इथे थोडं थांबायला हवं. मुलाने सांगितली ती सम संख्येची खूण आहे. सम संख्या म्हणजे काय, हे त्याने अजून सांगितलेलंच नाही. वस्तूंच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या आणि एकही वस्तू एकटी उरली नाही, तर ती संख्या सम. हा त्या संख्येचा स्वभाव झाला. शेवटचा अंक हा तिचा गणवेश. गणवेशावरून मूल कोणत्या शाळेचं ते कळतं, पण गणवेश काढला म्हणून मूल बदलत नाही.

हा फरक मुलांना नुसता सांगून कळत नाही, दाखवावा लागतो. आणि तो दाखवायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे तीच संख्या दहाऐवजी दुसऱ्या गठ्ठ्याने लिहायला लावणे. पाचाच्या, सातच्या, बाराच्या. चौथी-पाचवीच्या वर्षात याला निदान चार तास द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. का ते पुढे सांगतो.

दहा सोडून मोजणं नवीन नाही

हे ऐकल्यावर काही जण म्हणतील, "गुरुजी, हे कॉलेजचं गणित झालं." तसं मुळीच नाही. आमच्या राजूर परिसरात, अकोले तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर, एखाद्या म्हाताऱ्या आजीला पैसे किंवा कोंबड्या मोजताना ऐका. ती सत्तर म्हणणार नाही, "तीन ईसा आन् धा" म्हणेल. ईसा म्हणजे वीस. तीन विसा साठ आणि वर दहा. पाच ईसा झाले की शंभर. आजी शाळेत गेलेली नसेल, पण ती विसाच्या गठ्ठ्याने बिनचूक हिशोब करते.

बाजारात केळी डझनाने मिळतात, बांगड्याही डझनाने. बारा डझनांचा एक ग्रोस, म्हणजे १४४ नग. ही सरळ बाराच्या गठ्ठ्यांची मोजणी आहे. सुटे, डझन, ग्रोस. जसे आपले एकक, दशक, शतक.

चार शेरांची पायली होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै होत्या. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणे जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपण "सोळा आणे खरं" म्हणतो आणि पन्नास पैशांना आठ आणे म्हणतो. घड्याळात साठ सेकंदांचं मिनिट, साठ मिनिटांचा तास आणि चोवीस तासांचा दिवस. सात दिवसांचा आठवडा.

म्हणजे दहाशिवाय दुसऱ्या गठ्ठ्यांनी मोजणं मुलाच्या घरात, बाजारात, भिंतीवरच्या घड्याळात आहेच. फक्त शाळेच्या फळ्यावर ते कधी येत नाही. दहाचा मान मोठा झाला तो दोन हातांच्या दहा बोटांमुळे. तेच हाताची पेरं मोजा. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, एका हातावर बारा झाले. बोटांवर दहा, पेरांवर बारा.

वर्गात कसं करायचं

आपल्याकडे हिरडे आहेत, चिंचोके आहेत. प्रत्येक गटाला मूठभर द्या आणि पाच-पाचचे गठ्ठे करायला सांगा. पाच चिंचोक्यांची एक पुडी. पाच पुड्या झाल्या की त्यांची एक पिशवी. पिशवीत अर्थातच २५ चिंचोके.

आता लिहायचं. डावीकडे पिशव्या, मध्ये पुड्या, उजवीकडे सुटे. सुटे कधीच चारपेक्षा जास्त राहू शकत नाहीत, कारण पाच झाले की पुडी बांधायची. म्हणून या लेखनात फक्त ०, १, २, ३, ४ हे पाचच अंक लागतात. ५ हा अंकच नाही! मुलांना याची फार गंमत वाटते. पाच चिंचोके कसे लिहायचे? एक पुडी, शून्य सुटे : १०.

इथे एक पथ्य पाळा. हे "दहा" असं वाचायचं नाही. "एक-शून्य" वाचायचं. दहा हे नाव दहा वस्तूंसाठी राखून ठेवायचं. हे पथ्य पाळलं तर मुलांचा गोंधळ होत नाही.

एक ते बारा चिंचोके पाचाच्या गठ्ठ्यांनी असे लिहिले जातात :

१, २, ३, ४, १०, ११, १२, १३, १४, २०, २१, २२

आता मुलांना विचारा, "आठ चिंचोके सम की विषम?" जोड्या लावतात, चार जोड्या होतात. सम. "मग आठ इथे कसे लिहिलेत?" १३. एक पुडी, तीन सुटे. शेवटी ३ आहे आणि तरी संख्या सम आहे!

वर्गात गडबड उडेल ती इथे. काही मुलं म्हणतील, लिहिताना चुकलं. काही पुन्हा चिंचोके मोजतील. मोजू द्या. चिंचोके तेच आहेत, जोड्या त्याच आहेत. बदललंय फक्त लिहिणं.

मग इथे सम ओळखायचं कसं?

हा प्रश्न मुलांनाच शोधायला द्या. वरच्या यादीतल्या सम संख्या वेगळ्या काढा : २, ४, ११, १३, २०, २२. आणि विषम : १, ३, १०, १२, १४, २१. शेवटच्या अंकावरून काहीच ठरत नाही. पण अंकांची बेरीज करा. समवाल्यांची बेरीज २, ४, २, ४, २, ४ येते. विषमवाल्यांची १, ३, १, ३, ५, ३ येते. पाचाच्या लेखनात अंकांची बेरीज सम असेल तर संख्या सम!

असं का होतं? पुडी उघडून पाहा. पाचाच्या पुडीत दोन जोड्या लागतात आणि एक चिंचोका उरतो. म्हणजे जितक्या पुड्या तितके एकटे चिंचोके. २५ च्या पिशवीत बारा जोड्या लागतात आणि पुन्हा एकच उरतो. जितक्या पिशव्या तितके एकटे. हे सगळे एकटे आणि मूळचे सुटे एकत्र केले की जी संख्या येते तीच अंकांची बेरीज. तिच्या जोड्या लागल्या तर सगळ्यांच्या लागल्या.

आता शिक्षक मित्रांनो, हे कशासारखं वाटतंय? आपल्या ९ च्या कसोटीसारखं. "अंकांची बेरीज ९ ने विभाज्य असेल तर संख्या ९ ने विभाज्य." आपण ही कसोटी घोकून घेतो, पण ती का चालते हे किती वर्गांत सांगितलं जातं? कारण अगदी तेच आहे. दहाच्या गठ्ठ्यातून नऊ काढले की एक उरतो. शंभरातून नव्व्याण्णव काढले की एक उरतो. २३४ मध्ये दोन शतकांचे दोन उरले, तीन दशकांचे तीन उरले आणि सुटे चार. २ + ३ + ४ = ९. म्हणून २३४ ला नऊने पूर्ण भाग जातो.

म्हणजे ९ मध्ये काही जादू नाही. ९ हा दहाच्या आधीचा आकडा आहे, एवढंच त्याचं मोठेपण. पाचाच्या लेखनात हाच मान ४ ला मिळतो, सातच्या लेखनात ६ ला, बाराच्या लेखनात ११ ला. पडताळून पाहा. २४ ही संख्या पाचाच्या गठ्ठ्यांनी ४४ लिहिली जाते. ४ + ४ = ८, चारने विभाज्य. तीच २४ सातच्या गठ्ठ्यांनी ३३. बेरीज ६, सहाने विभाज्य. ३३ वस्तू डझनांत मांडल्या तर दोन डझन आणि नऊ, म्हणजे २९. बेरीज ११, अकराने विभाज्य.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. कारण कळलेली कसोटी मुलाला स्वतः तयार करता येते. घोकलेली कसोटी फक्त आठवता येते किंवा विसरता येते.

कोणता गुण संख्येचा आणि कोणता गणवेशाचा?

हा प्रश्न फळ्यावर लिहून दोन रकाने करा.

पहिल्या रकान्यात लेखन बदललं तरी न बदलणाऱ्या गोष्टी येतील. सम-विषम असणं. कशाने भाग जाणं, न जाणं. मूळ संख्या असणं. १३ चिंचोके घ्या आणि एकापेक्षा जास्त समान ओळींत मांडून आयत करायचा प्रयत्न करा. जमणार नाही, कारण १३ मूळ आहे. पाचाच्या लेखनात ते २३ होतात, सातच्या लेखनात १६, बाराच्या लेखनात ११ आणि दोनाच्या लेखनात ११०१. कसेही लिहा, आयत होतच नाही. तसेच १६ चिंचोक्यांचा चौरस कुठल्याही लेखनात चौरसच राहतो.

दुसऱ्या रकान्यात लेखनाबरोबर बदलणाऱ्या गोष्टी. शेवटचा अंक. अंकांची बेरीज. किती अंकी संख्या आहे ते. उलटसुलट वाचून सारखी येते का ते. २६ दशमानात तशी नाही, पण पाचाच्या लेखनात ती १०१ होते आणि दोन्हीकडून सारखी वाचता येते. "गोल आकडा" असणंही याच रकान्यात. घरात सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. मोबाईल ६४ जीबीचा, १२८ जीबीचा, २५६ जीबीचा असतो. मुलं विचारतात, सरळ १०० का नाही? कारण यंत्राच्या आत फक्त ० आणि १ चालतात, म्हणजे दोनाचे गठ्ठे. त्या लेखनात १२८ म्हणजे १ वर सात शून्यं. यंत्राच्या लेखी तोच गोल आकडा.

आणि विभाज्यतेच्या कसोट्या? त्या दुसऱ्या रकान्यात जातात. ३ ने भाग जाणं हा संख्येचा गुण, पण तो ओळखायची रीत लेखनाची. दशमानात ३ साठी अंकांची बेरीज करावी लागते. बाराच्या लेखनात शेवटचा अंक ०, ३, ६ किंवा ९ आहे का, एवढं बघितलं की झालं. दहाला २ आणि ५ नेच भाग जातो, तर बाराला २, ३, ४ आणि ६ ने. डझनाचा अर्धा सहा, तिसरा हिस्सा चार, पाव डझन तीन. कुठेही तुकडा करावा लागत नाही. डझन बाजारात टिकून राहिला याचं हे एक कारण समजायला हरकत नाही. सोळा आण्यांचंही तसंच. अर्धा रुपया आठ आणे, पाव रुपया चार आणे, त्याचा अर्धा दोन आणे, त्याचा अर्धा एक आणा.

देवळालीच्या गुरुजींकडून एक प्रश्न

इथे एका शिक्षकाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं. आपल्या राजूरहून शेंडी, बारी, घोटी करत नाशिकला निघालं की देवळाली त्याच भागात. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. संख्यांशी खेळत राहिले. हयातीत पुष्कळांनी त्यांचं काम मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला ते माहीत झाले.

१९४९ सालचा त्यांचा शोध म्हणजे ६१७४. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेऊ : ५४३२ – २३४५ = ३०८७. मग ८७३० – ०३७८ = ८३५२. मग ८५३२ – २३५८ = ६१७४. आता ७६४१ – १४६७ = ६१७४. तिथेच अडकली! कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वरच पोहोचता. वजाबाकीचा सराव घ्यायला याहून चांगला खेळ मला माहीत नाही.

पुष्कळ शाळांत हा खेळ घेतात. पण मी आणखी एक पाऊल पुढे जायला सांगतो. मुलांना विचारा : "हा गुण ६१७४ या संख्येचा, की दहाच्या गठ्ठ्याचा?"

पाचाच्या लेखनात करून पाहा. ४३२१ घ्या (चार-तीन-दोन-एक वाचायचं). ४३२१ – १२३४, आणि हातचा घेताना पाच घ्यायचे. उत्तर ३०३२ येतं. आता ३३२० – ०२३३ करा. पुन्हा ३०३२! इथेही एक थांबा सापडला, पण तो वेगळा आहे. ३०३२ म्हणजे आपले ३९२ चिंचोके.

तीन अंकी संख्यांचं बघा. दशमानात ९५४ – ४५९ = ४९५, थांबा ४९५ वर. सातच्या लेखनात मात्र ६३३ – ३३६ = २६४ आणि ६४२ – २४६ = ३६३. पुन्हा ३६३ वरून २६४. झोपाळ्यासारखं इकडून तिकडे चालू राहतं, थांबा येतच नाही. म्हणजे हा गुण बराचसा लेखनाचा.

कापरेकरांच्या हर्षद संख्यांचंही असंच. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या. १८ घ्या : १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. आता १२ ही संख्या घेऊन मुलांना कामाला लावा. पाचाच्या लेखनात २२, बेरीज ४, भाग जातो. सातच्या लेखनात १५, बेरीज ६, जातो. नऊच्या लेखनात १३, बेरीज ४, जातो. आठच्या लेखनात १४, बेरीज ५. जात नाही! बारा ही संख्या फक्त आठच्या लेखनात हर्षद नाही, बाकी कुठल्याही गठ्ठ्याने लिहा, ती हर्षदच. आणि ६ तर सगळ्याच लेखनांत हर्षद आहे. मुलांनी हे एकेक करून तपासायला एक तास पुरतो. त्यात भागाकार, बेरीज, स्थानिक किंमत सगळ्याची उजळणी होते आणि मुलांना उजळणी केल्यासारखं वाटतही नाही.

यात कापरेकरांना कमी लेखण्याचा हेतू नाही. गणवेश छान असला तर त्याचं कौतुक करावंच. फक्त आपण कशाचं कौतुक करतोय ते माहीत असावं.

"पण हे परीक्षेत येत नाही"

पालकहो, तुमचा हा प्रश्न मला मान्य आहे. शिष्यवृत्ती, नवोदय, त्यात वेळ मोजका. अशात पाचाच्या पुड्या कशाला बांधायच्या?

घरी एक गणित द्या. "५ तास २० मिनिटांतून २ तास ४५ मिनिटं वजा कर." हे गणित पाठ्यपुस्तकातलंच आहे, परीक्षेतलंही आहे. पुष्कळ मुलं २ तास ७५ मिनिटं असं उत्तर लिहितात. बरोबर उत्तर २ तास ३५ मिनिटं. मुलाने काय केलं? तासातून हातचा घेतला आणि साठऐवजी शंभर धरले. त्याला हातचा म्हणजे "शेजारच्याकडून एक आणायचा" इतकंच माहीत आहे. तो एक म्हणजे एक गठ्ठा आहे आणि गठ्ठा किती जणांचा ते बघून तो सोडायचा असतो, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. वर्षभर दहाचेच गठ्ठे सोडल्यावर ते दिसणार तरी कसं?

पाचाच्या लेखनात ३२ – १४ करणारं मूल पुडी उघडतं. पाच आणि दोन सात, त्यातून चार गेले तीन. दोन पुड्यांतून एक गेली, एक राहिली. उत्तर १३. ते मूल पुढे साठ मिनिटांचा तास उघडताना अडखळत नाही. हजार ग्रॅमचा किलोही त्याला तसाच उघडता येतो. हे चार तास परीक्षेच्या बाहेरचे वाटतात, पण त्यांचं काम परीक्षेतल्या गणितातच होतं.

दुसरी शंका शिक्षकांची. मुलं गोंधळतील. पहिली-दुसरीत केलं तर नक्की गोंधळतील, म्हणून तिथे करूच नये. तिथे दहाचे गठ्ठे पक्के व्हायला हवेत. तिसरीच्या शेवटी किंवा चौथीत, दशक-शतक हाताखालून गेल्यावर हे घ्या. गुण द्यायचे नाहीत, चाचणी घ्यायची नाही. वस्तूंशिवाय फळ्यावर सुरुवात करायची नाही. बाराचं लेखन घेताना दहा आणि अकरासाठी दोन नवी चिन्हं लागतात. ती मुलांनाच ठरवू द्या, त्रिकोण, चांदणी, काहीही. चिन्ह माणसाने ठरवलेलं असतं, हेही त्यातून कळतं.

तिसरी गोष्ट नावांची. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' अशीही वाचायची पद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची अडचण पुढे ठेवली होती. ती पद्धत कुणाला पटो न पटो, पण त्या वादात मला एक गोष्ट जाणवली. संख्या, संख्येचं नाव आणि संख्येचं लेखन या तीन गोष्टी आपण मोठी माणसंही एकच समजून बसलेलो असतो. एकवीस म्हणा, वीस एक म्हणा, "एक ईसा आन् एक" म्हणा. हिरडे तेवढेच आहेत.

आणि शेवटी आजीचा ईसा

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण हे आहे. आपल्या भागातल्या अनेक घरांत शाळेत जाणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी. मूल वर्गात "तीन ईसा" म्हणालं की बाकीची मुलं हसतात, आणि खरं सांगायचं तर कधी कधी मोठी माणसंही हसतात. "असं अडाण्यासारखं बोलू नये, साठ म्हण." मुलाने साठ म्हणायला शिकलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण हसण्यातून ते आणखी एक गोष्ट शिकतं. आपल्या घरात गणित नाही, गणित फक्त शाळेत आहे. एकदा हे मनात बसलं की ते मूल घरी गणिताबद्दल बोलत नाही आणि आजी विचारत नाही.

विसाच्या गठ्ठ्याने मोजणं आणि दहाच्या गठ्ठ्याने मोजणं यात हुशार आणि अडाणी असा फरक नाही. गठ्ठा लहान-मोठा आहे, एवढाच फरक. सत्तर आणि तीन ईसा दहा ही एकाच संख्येची दोन रूपं आहेत. पाचाच्या पुड्या बांधलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. त्याला आजीचा हिशोब समजतो आणि आजीला शाळेचा हिशोब समजावून सांगताही येतो.

तेव्हा पालकहो, या आठवड्यात मुलाला घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे पाठवा आणि ७० चिंचोके मोजून घ्यायला सांगा. ते कसे मोजतात, कुठे थांबतात, गठ्ठा केवढा करतात, ते मुलाने वहीत लिहून आणावं. शिक्षक मित्रांनो, तुम्ही तेच ७० चिंचोके वर्गात पाचाच्या गठ्ठ्यांनी लिहून घ्या. दोन पिशव्या, चार पुड्या, सुटा एकही नाही, म्हणजे २४०. मग विचारा, ही संख्या सम आहे का, आणि ते कशावरून ओळखलं? एखाद्या मुलाने "शेवटी शून्य आहे म्हणून" असं सांगितलं, तर त्याला पाचच चिंचोके द्या आणि तेही पाचाच्या लेखनात लिहायला सांगा. १०. शेवटी शून्य आहे, पण एक चिंचोका जोडीवाचून उरतो. पुढचं ते मूल स्वतःच शोधून काढेल.